सरस्वतीच्या पाटावरचा टॅब

प्रभावतीबाई पहिल्यांदा आमच्या शाळेच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना विमा एजंट समजलो. दोन्ही खांद्यांना पिशव्या, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, हातात फाइल आणि चेहऱ्यावर नकार पचवायची तयारी. मी आतूनच ओरडलो, "माझ्याकडे तीन पॉलिसी आसात, चवथी नाका!" बाई शांतपणे आत आल्या, पिशव्या माझ्या टेबलावर ठेवल्या, माझा चहाचा कप जरा बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "सर, हांव रिसोर्स टीचर. दीपा खंय बसता?"

दीपा कुठं बसते हे मला, शाळेच्या मुख्याध्यापकाला, पटकन सांगता येईना. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

गोष्ट दोन हजार अठरा सालची, आमच्या पार्सेची. वरच्या वाड्यावरची प्राथमिक शाळा म्हणजे दोन खोल्या, एक सोपा आणि चार इयत्ता मिळून सव्वीस मुलं. त्यांतली दीपा नऊ वर्षांची. जन्मताना काहीतरी बिघडलं आणि हातपाय तिचं ऐकेनासे झाले, जीभही. उजवा हात तेवढा उचलायची, तोही झोकांडी खात. तिची आई शेवंता चंदगडाकडची, तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. बाप अनिल बांधकामावर, आज या गावात तर उद्या त्या. सकाळी शेवंता तिला काखेत घेऊन यायची आणि जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, भिंतीला टेकवून जायची. मुलं पाढे म्हणत, दीपा छताची कौलं बघत बसे. मी तिच्याशी वाईट वागलो असं कुणी म्हणणार नाही. डोक्यावरून हात फिरवायचो, खाऊ वाटला तर तिचा वाटा आधी काढायचो. फक्त तिला कधी काही विचारलं नाही.

आणि हा मी कोण, तर भाषेसाठी भांडलेला माणूस. गोव्यात मराठी की कोंकणी हा वाद पेटला तेव्हा मी विशीत होतो. मोर्च्यांत घोषणा देऊन देऊन माझा घसा आठ-आठ दिवस बसायचा. गोवा राज्य झालं त्याच वर्षी मास्तर झालो आणि पुढची तीस वर्षं, शाळेनं कुठल्या भाषेत बोलावं यावर चहाच्या प्रत्येक कपाबरोबर वाद घातला. माझ्याच वर्गात, जनेलाखाली, एका पोरीला एकही भाषा नव्हती, हे मला बाहेरून आलेल्या बाईनं दाखवावं लागलं.

बाई डिचोलीच्या. तिथून रोज स्कूटरवरून पेडणे तालुक्यात यायच्या आणि वारावारानं चार शाळा करायच्या. ज्या मुलांना शिकायला वेगळी मदत लागते ती त्यांची मुलं. सोमवार आणि गुरुवार आमच्या वाट्याला. स्कूटरच्या डिकीत बाटल्यांची बुचं, इलॅस्टिक, चिकटपट्ट्या, खडबडीत कापडाचे तुकडे असा भंगारवाल्याला लाजवील असा माल. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आनंद होता. त्यांचा मासिक अहवाल मला कधी वेळेवर मिळाला नाही, आणि मागितला की "सर, फाल्यां," हे उत्तर ठरलेलं. ते फाल्यां, म्हणजे उद्या, महिनाभर चालायचं.

त्यांची एक सवय मला विशेष खुपायची. दीपाला काही विचारलं की त्या हात पाठीमागे घ्यायच्या आणि बोटांवर दहा आकडे मोजायच्या. तोवर कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. "तिका वेळ लागता, सर. आमी मदीं उलयल्यार तिची जाप हारवता." मध्ये बोललं तर तिचं उत्तर हरवतं म्हणे. मी म्हणायचो, दहा मोजेपर्यंत माझा चहा थंड होतो. त्या म्हणायच्या, मग शाळा सुटल्यावर प्या.

टॅब त्यांनीच आणला. तो मुळात दुसऱ्या कुणासाठी घेतला होता हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं, तेही त्यांच्या तोंडून ओढून काढल्यावर. त्यांचा धाकटा भाऊ गौरेश. त्यालाही बोलता येत नाही, शाळा त्यानं बाहेरूनच पाहिली. बत्तीस वर्षं घराच्या सोप्यावर बसून रस्त्यावरची वाहनं बघतो. बाईंनी प्रशिक्षण घेतलं, चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं ॲप टॅबवर घातलं आणि मोठ्या हौसेनं त्याच्यापुढे धरलं. गौरेशनं चित्रं बघितली, बहिणीकडे बघितलं आणि टॅब हातानं ढकलून तिच्याच पिशवीत घातला. "तो रागावंक ना," बाई म्हणाल्या, "ताका आतां जाय नासलें." आता नको होतं त्याला. एवढं सांगून त्या चष्मा पुसत राहिल्या.

तर तो टॅब दीपाकडे आला. पहिल्या दिवशी त्यातली बाई हिंदी बातम्या वाचल्यासारखी म्हणाली, "मुझे पानी चाहिए." सगळा वर्ग फिदीफिदी हसला आणि दीपानं मान फिरवली. चित्रांचीही तीच कथा. सफरचंद, बर्फातली माणसं, सँडविच. बाईंनी ते सगळं काढून टाकलं. आमच्या शाळेत नेटवर्क नाही, देवळाकडच्या चढावर एका काजूखाली तेवढं मिळतं. दुपारच्या उन्हात बाई तिथं उभ्या राहून बाहेरगावच्या शिक्षकांचे व्हिडिओ उतरवून घ्यायच्या, वहीत टिपणं काढायच्या, ग्रुपवर शंका विचारायच्या. येणारेजाणारे मला विचारायचे, "मास्तरानूं, तुमची बाई काजूकडे कितां करता?"

मग त्यांनी गावातलेच फोटो काढले. शाळेची घंटा म्हणजे शाळा. लाल एस.टी. म्हणजे गाव, कारण दीपा आजीकडे एस.टी.नं जायची. भल्या पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, विकणारा पोदेर म्हणजे सकाळ आणि न्याहरी. आईचा फोटो आईच. रडण्याचा फोटो तिसरीतल्या सुविधाचा. तिला रडायला सांगितलं आणि ती इतकं मनापासून रडली की सगळी शाळा बघायला जमली. आवाजही सुविधाचाच भरला. दीपानं पाण्याच्या नळावर बोट टेकवलं की टॅबमधून पोर बोलायची, "माका उदक जाय." आता कुणी हसलं नाही. दोन मुलं उदक आणायला धावली आणि वाटेत त्यांची मारामारी झाली.

वाड्यावरच्या सगुण च्यारीनं, आमच्या सुतारानं, दीपासाठी आणलेल्या खुर्चीला फणसाच्या लाकडाची फळी बसवून दिली आणि टॅब त्या फळीवर चिकटपट्टीनं बसू लागला. चार ओळींत चार-चार, अशी सोळा चित्रं. त्यांच्या जागा कधीच हलवायच्या नाहीत हा बाईंचा दंडक. स्वयंपाकघरात अंधारातही हात मिठाच्या डब्यावर बरोबर जातो ना, तसं तिच्या हाताला पाठ झालं पाहिजे, म्हणायच्या. उजव्या हाताला सगळ्यात सोपा वरचा उजवा कोपरा. तिथं त्यांनी शब्द घातला, "नाका." म्हणजे नको.

त्यावरून आमचं जोराचं वाजलं. वरचे अधिकारी येणार होते आणि त्या मोक्याच्या कोपऱ्यात "सुस्वागतम्" असावं अशी माझी इच्छा होती. पोरीनं पहिल्या फटक्यात साहेबांना नाका म्हणावं? बाई ऐकेनात. "सर, जिका नाका म्हणपाक येना, तिच्या व्हयक कितें अर्थ?" मी म्हटलं, तिच्या होकाराचा अर्थ तुम्ही साहेबांना समजवा. साहेब आले, त्यांनी दीपापुढे पेढा धरला आणि दीपानं वरच्या कोपऱ्यात हात आपटला. "नाका!" साहेब हसले. मी हजेरीपटात तोंड घातलं.

त्या वर्षीच्या भाद्रपदात शेवंतानं बातमी दिली. ती कारखान्यात असताना दीपाला दुपारी सांभाळणारी घरमालकीण मुलाकडे राहायला निघाली होती. आता दीपाला चंदगडाकडे आजीपाशी ठेवायचं. तिथली शाळा घरापासून लांब, आणि अशा पोरीला घेतात कोण. आजी भाकरी भरवील, अंगणात बसवील.

बाई ऐकतच राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवंताबाय, दीपाक विचारलें?"

"तिला काय इचारायचं, बाई?" शेवंता म्हणाली. "तिला कळतंय व्हय काय? मला काय हौस हाय पोरीला लांब टाकायची?"

तिच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. बारा-बारा तास उभं राहून आलेल्या बाईचा थकवा होता. टॅब तिनं कधी चालताना पाहिलाच नव्हता. तो शाळेतच राहायचा, कारण त्यांच्या खोलीत पावसाचं पाणी टिपकायचं. बाईंनी तिला गळ घातली, "एक दीस सुटी घे, शाळेत बस, ती कशी बोलता तें पळय. उपरांत कितें तें ठरय." नवरात्रातला शनिवार ठरला, शेवंताच्या सुटीचा. बाईंनी त्या शनिवारासाठी दीपाची अशी तयारी करून घेतली की मी आयुष्यात स्कॉलरशिपच्या मुलांची घेतली नसेल. दीपा गावाला गेली तर परत कौलं बघत बसणार, गौरेशसारखी. तसं बाईंनी म्हटलं नाही. पण गुरुवारी जायच्या वेळी त्या दीपाच्या खुर्चीपाशी जरा जास्तच रेंगाळायच्या.

शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळेतलं सरस्वतीपूजन होतं.

आमच्याकडे शाळेचा हा सर्वांत मोठा सण. पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, पाटावर मांडायची आणि तिच्यापुढे शाळेचं सगळं विद्येचं सामान ठेवायचं. पुस्तकं, पाट्या, खडू, घंटा, माझं पेन, नकाशे. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मुलांना त्यामुळे हा सण आणखीच आवडतो, अभ्यास करणं म्हणजे त्या दिवशी पाप. मी या बाबतीत फार कडक. एका वर्षी एका पालकानं पूजेतलं पेन घेऊन पावतीवर सही केली, त्याला मी चारचौघांत झापला होता.

बाईंचा तो वार नव्हता, तरी त्या मुद्दाम आल्या होत्या, नव्या साडीत. सकाळी मी विचारलं, "टॅब ठेवचो मरे पूजेत?" त्यांचा चेहरा फुलला. मी टॅबला विद्या मानली याचा त्यांना आनंद झाला असावा. त्यांनी तो दीपाच्या फळीवरून सोडवला, मऊ फडक्यानं पुसला, घंटेशेजारी ठेवला. विठूभटांनी मंत्र म्हणत त्यावर हळद, कुंकू, शेवंतीचं फूल वाहिलं. सगळे हात जोडून उभे होते, मीसुद्धा. एक दिवसाचा तर प्रश्न. उद्या उत्तरपूजा झाली की शेवंता येईपर्यंत टॅब परत फळीवर.

आरती झाली, बायकांनी फुगडीसाठी सोपा मोकळा केला, आणि दारात शेवंता उभी. हातात कपड्यांची पिशवी. तिचा भाऊ भाजीचा टेम्पो घेऊन म्हापशाला आला होता, परत जाताना पोरीला घेऊन जाणार होता. एस.टी.त दीपाला सांभाळत न्यायचं म्हणजे हाल, ही सोय पुन्हा कधी मिळेल. "शनवारचं ऱ्हाऊ दे, बाई. टेम्पो खाली रस्त्यावर थांबलाय."

बाई काहीतरी समजावू लागल्या. मीही दोन वाक्यं बोललो असेन. इकडे दीपानं हात आपटायला सुरुवात केली. रिकाम्या फळीवर, धाड, धाड. तोंडातून तो तिचा घुसमटल्यासारखा आवाज. कुणी म्हणालं, तिला प्रसाद हवाय. एका बाईनं लाडू कुस्करून तिच्या तोंडात घातला. दीपानं तो थुंकला. दुसरी म्हणाली, उदक द्या. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं. हात थांबेना. मला भर कार्यक्रमात लाज वाटू लागली, ही कबुली दिलेली बरी. कुणीतरी तिला आत घेऊन जा, असं मी बोलणारच होतो.

"बघा," शेवंता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ह्ये असं हाय. काय कळतंय हिला?"

आणि प्रभावतीबाई बोलता बोलता थांबल्या. त्या दीपाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, हाताकडे बघत होत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी बाजूलाच उभा होतो, मला त्यांची बोटं दिसत होती. एक, दोन, तीन. दीपाचा हात वर उजव्या कोपऱ्यात आपटला. मग खाली डावीकडे. मग खाली उजवीकडे. मग पुन्हा वर उजवीकडे. बाईंनी माझी बाही ओढली.

"ती उलयता," त्या म्हणाल्या. "सर, ती केन्नाची उलयता. नाका. शाळा. एस.टी. नाका. हांगा नाका आसता, हांगा शाळा." त्यांनी फणसाच्या उघड्या लाकडावर बोट ठेवून मला त्या जागा दाखवल्या. तिथं काहीच नव्हतं. टॅब पाटावर होता, फुलाखाली. पोर केव्हाची बोलत होती, तिचा हात मिठाच्या डब्यावर बरोबर जात होता आणि डबा आम्ही उचलून देवापुढे ठेवला होता.

बाई सरळ पाटाकडे निघाल्या. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाई, पूजा!"

त्या वळल्या. इतक्या महिन्यांत त्या माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. "सर, एका चेड्वाची जीब काडून पाटार दवरली आमी," त्या म्हणाल्या. "वयर फूल घालें! म्हज्या हातांनी दवरली हांवें!" पोरीची जीभ, त्यांनी स्वतःच्या हातांनी पाटावर ठेवलेली, आणि त्यांना रडू फुटलं. रडतच त्यांनी फूल बाजूला केलं, टॅब उचलला, नव्या साडीच्या पदरानं काचेवरचं कुंकू पुसलं. बायकांत कुजबुज झाली. मी विठूभटांकडे बघितलं, वाटलं आता हे भडकणार. विठूभट पंचा आवरत म्हणाले, "सरस्वती उलोवक उठली आसत जाल्यार अडोवपी आमी कोण? आरती जाली मरे? माका हरमल गाठूचा आसा." बोलायला उठलेल्या सरस्वतीला न अडवता ते हरमलच्या वाटेला लागलेसुद्धा.

टॅब फळीवर बसला. कुंकवाचं बोट काचेवर राहिलं होतं, त्यानं दोनदा भलतंच चित्र उघडलं. बाईंनी पुन्हा पुसलं. दीपाचा हात वर गेला, झोकांडला, टेकला.

"नाका," सुविधाचा आवाज आला. मग लाल एस.टी. "गाव." मग परत, "नाका." मग घंटा. "शाळा."

मला वाटलं झालं, जिंकलो. पण शेवंता मागे सरकली. "ह्यो आवाज कुणाच्या पोरीचा हाय?" तिनं विचारलं. "माझी दीपा अशी बोलंल व्हय? तुमीच भरलंय ह्ये. मिशिन बोलतंय." तिचं काय चुकलं? नऊ वर्षं जिनं पोरीचा एक शब्द ऐकला नाही, तिला पहिला शब्द परक्या आवाजात, परक्या बोलीत ऐकवला, आणि तोही तिच्याच विरुद्ध. मी असतो तरी विश्वास ठेवला नसता.

बाई दीपासमोर गेल्या. त्यांनी हात पाठीमागे घेतले. खाली रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. कुणी हललं नाही. मी मनात मोजत होतो, आयुष्यात पहिल्यांदा. सातवर आलो आणि दीपाचा हात उचलला.

"आई," टॅब म्हणाला.

मग सुविधाचा तो रडवा चेहरा. "रडटा."

मग बराच वेळ गेला. हात दोनदा चुकून काठावर आपटला. शेवटी टेकला तो सायकलवर. "पोदेर."

आम्हाला काही समजलं नाही. बाईंनाही नाही, त्या गोंधळून चित्रांकडे बघत होत्या. पण शेवंता मटकन खाली बसली, पिशवी बाजूला कलंडली आणि आतले छोटे फ्रॉक जमिनीवर आले.

त्या पहाटे पिशवी भरताना तिला रडू आवरलं नव्हतं. खालून पोदेर भोंगा वाजवत गेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. नवरा कामाच्या गावी, खोलीत दोघीच. पोरगी झोपलीय, आणि जागी असली तरी तिला काय कळतंय, असं वाटून ती मोकळेपणी रडली होती. हे कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या बाईनं, कुठल्या मास्तरानं हे टॅबमध्ये भरलं असतं?

"तू बघत होतीस?" शेवंतानं दीपाला विचारलं. मी ऐकलं ते तिचं मुलीला विचारलेलं पहिलं वाक्य. "बाय माझे, तू बघत होतीस व्हय गं?"

टेम्पो रिकामा गेला. दुपारचा प्रश्न तसाच होता, तो माझ्या बायकोनं सोडवला. चंद्रावती फुगडी सोडून पुढे आली आणि म्हणाली, "शाळा सुटल्यार आमच्या सोप्यार बसतली ती. हांगा घर लागीच." मला विचारलं नाही. मीही दहा मोजून गप्प बसलो.

पुढच्या वर्षीपासून टॅब पूजेत ठेवत नाही. चार्जर ठेवतो. बाई आदल्या रात्री टॅब काठोकाठ चार्ज करून आणतात, चार्जरला हळदकुंकू लागतं आणि मुलं त्या काळ्या वायरीला मनोभावे नमस्कार करतात. नव्यानं आलेल्या शिक्षकाला हे चमत्कारिक वाटतं. मी निवृत्त झालो तरी पूजेला जातो आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगतो, त्याला ऐकायचं असो वा नसो. दीपा आता हायस्कूलला आहे. गौरेश अजून टॅबला हात लावत नाही. बाई रोज संध्याकाळी घरी गेल्या की सोप्यावर त्याच्या शेजारी बसतात, काही विचारतात आणि मोजतात. कधी तो मान हलवतो. कधी नाही.

बाईंचा विषय निघाला की लोक पूजेचीच गोष्ट सांगतात. मला मात्र दिवाळीनंतरचा एक सोमवार आठवतो.

शेवंता कामावर जायच्या आधी आली. दारातच अडखळली, मग बाईंना म्हणाली, "त्यात माझा आवाज भरता यील?" सुविधाचं काही वाईट नाही, पण माझी पोर माझ्यासारखी बोलली पाहिजे, म्हणाली. बाईंनी वर्ग बाहेर काढला, जनेलं लावली, मलाही गप्प बसायला सांगितलं. शेवंता टॅबपुढे पाठीचा कणा ताठ करून बसली. दीपा शेजारी, आईच्या तोंडाकडे टक लावून.

"पाणी पायजे." भरलं. "भूक लागलीय." भरलं. "आई." हा शब्द तिला नीट जमेना, हसू आलं, तीनदा भरावा लागला. सगळ्यात शेवटी वरचा उजवा कोपरा राहिला. शेवंतानं तो तोंडातल्या तोंडात म्हटला.

"मोठ्यान," बाई म्हणाल्या. "तिका तो शब्द मोठ्यान जाय."

शेवंतानं एकदा मुलीकडे बघितलं. मग आमच्या शाळेच्या कौलांवरून ऐकू जाईल असा आवाज लावला. "नको! मी न्हाई जानार!"

दीपानं लगेच हात उचलला. आम्ही तिघंही थांबलो. हात झोकांडत वर गेला आणि कोपऱ्यावर पडला, आणि शेवंताचाच आवाज शेवंताला म्हणाला, "नको! मी न्हाई जानार!"

"बरं, बाय," शेवंता म्हणाली. "न्हाई न्यायची तुला."